दुकानाचा कॉम्प्युटर पोराच्या छंदाले चालंल का?

कृषीकेंद्रवाला, दारव्हा: बियाण्या-खताची बिलं अन् टॅली, एवढंच काम आहे माझं. एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यावा म्हणतो. पोरगा म्हणते, त्यातच ग्राफिक कार्ड टाकतो. जमते का?

वणीकर: इंटेलचा प्रोसेसर असंल तर आठव्या पिढीच्या खाली घेऊ नका भाऊ. विंडोज ११ त्याच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, अन् विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. कार्डाचं म्हणाल तर या डब्यांत पॉवर सप्लाय लहान, बऱ्याचदा कंपनीच्याच मापाचा. बाजारातला बसत नाही. कार्ड ज्या खाचेत बसते त्या स्लॉटमधून फार तर ७५ वॅट वीज भेटते, म्हणून बारकं लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच पाहा.

सोल्डरवाला: पोराले रागावू नका बावा. १९७५ चा अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर हौशी लोकांनी घरीच जोडला होता. हिशेबवाले मागून आले, १९७९ मध्ये ॲपल-२ कॉम्प्युटरवर व्हिजिकॅल्क हे हिशेबाच्या तक्त्याचं सॉफ्टवेअर आलं तवा.

कृषीकेंद्रवाला, दारव्हा: इतिहास ठीक आहे, पण मृगात गिऱ्हाईक काउंटरवर उभं अन् मशीन खोललेली, हे नाही चालत. त्याले वेगळा रास्पबेरी पाय, तो छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर, घेऊन देतो. यूपीएस मात्र दुकानालेच.