मदत हवी: गुरुवारी क्लायंटला जेवायला कुठे न्यावं? (संभाजीनगर)

वाळूज_पश्चिम
गुरुवारी रात्री क्लायंटच्या लोकांना जेवायला न्यायचंय. चांगलं हॉटेल सुचवा. बजेटची अडचण नाही, पण आमच्या साहेबांना बडेजाव नको. बसून बोलता आलं पाहिजे. आज संध्याकाळपर्यंत बुकिंग करायचंय, लवकर सांगा. गुगलचे रेटिंग बघून झालेत, तेच परत सांगू नका.

मोंढा_नाका
किती माणसं? कुठली? कोण काय खातं? उतरलेत कुठे? चांगली हॉटेलं शहरात पन्नास आहेत हो, उगं नावं टाकून काय उपयोग.

खालिया_प्रेमी
बाहेरचे पाहुणे आहेत ना, मग नान खालिया खाऊ घाला. तो इथे सोडून कुठे मिळणार? शहागंज, बुढ्ढीलेनकडे चला. पिवळा नान, मटणाचा खालिया, विषय संपला.

मोंढा_नाका
@खालिया_प्रेमी बिझनेस डिनर आहे, भाऊ. बाकावर दाटीवाटीने बसून करार होतो का? खायचाच असेल तर स्टार हॉटेलवाल्यांना दोन दिवस आधी सांगून खालिया करून घेता येतो.

खालिया_प्रेमी
तो खालिया नसतो, मटण करी असते. देगेत शिजल्याशिवाय ती तर्री येत नाही.

वाळूज_पश्चिम
आम्ही चार, ते पाच. पुण्याचे तिघं, अहमदाबादचे दोघं. चिकलठाण्याला उतरलेत. दिवसभर वाळूजला आमच्या प्लँटवर ऑडिट आहे.

सिडको_एन_सात
मग सोपं आहे. जालना रोडला रामा इंटरनॅशनल किंवा लेमन ट्री, नाहीतर रौझाबागेत विवांता. जालना रोडला घेतलंत तर पाहुणे तिथेच उतरलेत, जेवले की खोलीवर. नऊ जण म्हणजे हॉलमधलं टेबल घेऊ नका, पीडीआर, म्हणजे जेवणाची वेगळी खोली मागा. गोल टेबल सहा फुटी मागा, त्यावर दहा जण बसतात आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं. लांबट टेबलावर टोकाचे दोघं रात्रभर एकमेकांशीच बोलत बसतात.

बिल_बघा
स्टार हॉटेलात जाताय तर एवढं बघा. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जीएसटी १८ टक्के लागतो, बाकीकडे ५. कंपनीचा जीएसटी नंबर आधीच देऊन ठेवा म्हणजे क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळेल.

हिशेबनीस_जालना
@बिल_बघा क्रेडिट कुठलं? खाण्यापिण्यावरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये अडवलेलं आहे. १८ लागो नाहीतर ५, तो खर्चातच जातो. नंबर टाकायचा तो बिल कंपनीच्या नावावर यावं म्हणून. दारूवर जीएसटी नाहीच, तिला व्हॅट, म्हणून तिचं बिल वेगळं काढायला सांगा. आणि रोख देऊ नका. एका दिवसात एकाच माणसाला किंवा हॉटेलला दहा हजारांच्या वर रोख दिलं की तो खर्च आयकरात धरत नाहीत.

बिल_बघा
स्टार हॉटेल १८ टक्के घेतं ते क्रेडिटसहच ना?

हिशेबनीस_जालना
ते क्रेडिट हॉटेलला, त्याच्या खरेदीवरचं. तुम्हाला नाही. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगता येतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना आहेत. मात्र ते पाहुण्यांसमोर करत बसू नका, बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.

लातूरची_सून
मराठवाड्यात येऊ लालेत तर मराठवाड्याचंच द्या की. धपाटे, येसर आमटी, शेंगोळे, ज्वारीची भाकरी, ठेचा. पनीर बटर मसाला काय त्यांना अहमदाबादला मिळत नाही?

सिडको_एन_सात
ताई, शेंगोळ्यात लसूण असतो. त्यावरून आठवलं, अहमदाबादचे दोघं जैन आहेत का?

वाळूज_पश्चिम
हो, त्यांचे मोठे साहेब जैन आहेत. पण ते व्हेज खातात, कुठेही चालेल.

मोंढा_नाका
कुठेही नाही चालत हो. श्रावण सुरू आहे, म्हणजे चातुर्मास. ते सूर्यास्तानंतर जेवतात का, हे विचारलंत? आणि पर्युषण (जैनांचं उपवासाचं पर्व) लागलेत का, तेही बघा. गुरुवारी उपवास असला तर तुमचं अख्खं नियोजन कोसळलं.

वाळूज_पश्चिम
डिनर आहे म्हणल्यावर रात्रीच असणार ना. त्यांच्या पीएला फोन करतो.

किचन_पास
तोवर जैन जेवणाचं सांगतो. हॉटेलात ग्रेव्ह्या सकाळीच शिजवून ठेवतात. पिवळी म्हणजे कांद्याची, लाल म्हणजे टोमॅटो-काजूची, पांढरी काजू-मगजाची. ऐनवेळी "जैन करा" म्हणलं की लाल किंवा पांढरीत काम उरकतात, आणि त्या वाटतानाच बहुतेक वेळा आलं-लसूण पडलेलं असतं. म्हणून एक दिवस आधी थेट शेफला सांगा: कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर, बीट, मुळा काहीच नको, ग्रेव्ही वेगळ्या भांड्यात ताजी, कढई आणि झारा वेगळा. बटाट्याच्या जागी कच्ची केळी. व्हेज कटलेट, मंचुरियन, मिक्स व्हेज मेनूतून काढूनच टाका, त्यात काहीतरी राहतंच. केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) "जैन" लिहिलंय का, ते कॅप्टनकडून बघून घ्या.

पैठणी_हौस
पाहुण्यांना पैठणी द्यायची असेल तर पैठणला विणकरांकडेच जा. शहरात यंत्रमागाची गळ्यात मारतात.

मोंढा_नाका
पाच पुरुषांना पैठणी?

पैठणी_हौस
मग हिमरू शाल द्या.

वाळूज_पश्चिम
पीएशी बोललो. मोठे साहेब चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. पर्युषण अजून लागलेले नाहीत. आता काय? ऑडिट साडेपाचला संपतं.

सिडको_एन_सात
मग लंच करा. रात्रीचा हट्ट सोडा.

वाळूज_पश्चिम
लंचला जमणार नाही, ऑडिटचे मुद्दे निघाल्याशिवाय दरावर बोलणंच होत नाही.

मोंढा_नाका
सध्या सूर्यास्त पावणेसात-सातच्या मध्ये. साडेपाचला जनरल शिफ्ट सुटते, वाळूजचा रस्ता आणि नगर नाका तुंबलेला असतो. चिकलठाणा वीसेक किलोमीटर, तुम्ही साडेसहाला टेकणार, आणि ताट समोर येईपर्यंत सूर्य मावळलेला. म्हणजे जालना रोड बाद. रेल्वे स्टेशन, छावणी या बाजूचं काहीतरी बघा, नाहीतर गोलवाडी फाट्यावरून लिंक रोडने बीड बायपास. ऑडिट सकाळी तासभर आधी सुरू करा आणि साडेचारला आटपा.

किचन_पास
इथे एक गोम आहे. बहुतेक रेस्टॉरंटची किचनं दुपारी साडेतीन-चारला बंद होतात आणि सातला उघडतात. साडेपाचला तुम्ही गेलात तर वेटर जेवत बसलेले असतात आणि तंदूर थंड. कोळशाचा तंदूर तापायला तासभर लागतो. तेव्हा बुकिंग करताना "साडेपाचला जेवण मिळेल का" असं विचारू नका, "हो" म्हणतात. "पावणेसहाला नऊ ताटं टेबलावर, शेफ हजर पाहिजे, अ‍ॅडव्हान्स किती?" असं विचारा. नान-रोटी सोडा, तव्यावरचे फुलके आणि पुऱ्या घ्या, ते पंधरा मिनिटांत सुरू होतात. मेनू आधीच ठरवा. नऊ जणांनी कार्ड बघून ऑर्डर दिली तर अर्ध्यांचं येतं आणि अर्धे बघत बसतात.

सिडको_एन_सात
किंवा जैन साहेबांचं ताट साडेपाचला प्लँटच्या कॉन्फरन्स रूममध्ये मागवा, बाकीचे आठला जेवतील.

मोंढा_नाका
आणि आठला ते काय करणार? रिकाम्या ताटासमोर बसणार? पाणीही पीत नाहीत ते. करारावर सही त्यांची आहे की पुणेकरांची?

वाळूज_पश्चिम
सही त्यांचीच आहे.

लातूरची_सून
मग सगळ्यांनीच लवकर जेवा की, त्यात काय. खेड्यात दिवेलागणीला ताटं वाढतातच. जेवण आधी, दराचं नंतर.

हिशेबनीस_जालना
हे बरोबर आहे. आणि कार्ड कॅप्टनला आत जातानाच देऊन ठेवा, बिल टेबलावर येऊ देऊ नका. नाहीतर पाहुणे खिशात हात घालतात आणि पाच मिनिटं ओढाताण.

खालिया_प्रेमी
पुण्याच्या तिघांना तरी शुक्रवारी खालिया चाखवा. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली, त्याच्या लष्कराबरोबर आला असं सांगतात.

मोंढा_नाका
श्रावणात?

वाळूज_पश्चिम
स्टेशन रोडच्या एका हॉटेलात बोललो. शेफ थेट फोनवर आला. पावणेसहाला सगळ्यांना एकच जैन ताट, कांदा-लसूण कुणालाच नाही, म्हणजे भांड्यांचा घोळच नको. पीडीआर नऊपर्यंत आपली, निम्मा अ‍ॅडव्हान्स मागितला. ऑडिट साडेआठला सुरू करतोय. तिथे एसीचा झोत कुठल्या खुर्चीवर येतो आणि शेजारी वाढदिवसाचं बुकिंग आहे का, ते बघायला उद्या माणूस पाठवतो. नंतर बोलणी चालू असताना बाकीच्यांना चहा सांगितला तर मोठ्या साहेबांना वाईट वाटेल का?

किचन_पास
वाईट कशाचं, त्यांना सवय असते. एकदा विचारा आणि चहा बाजूच्या टेबलावर ठेवायला सांगा. पान मात्र सूर्यास्ताच्या आत.