व्हॉल्व्हचं निपल बसवलं म्हणून माणूस नको?

दहाचा पाना: कुणीतरी लिहिलंय, "व्हॉल्व्हवाली निपलं बसवा, ब्रेकची हवा काढायला दुसरा माणूस लागतच नाही. पेडलवर माणूस बसवणारे अजून मागच्या शतकात आहेत." डोकं फिरलं वाचून. निपल म्हणजे चाकाजवळचा, ब्रेकमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू. व्हॉल्व्हवाल्यात छर्रा आणि स्प्रिंग असते. पेडल दाबलं की ब्रेक ऑइल हवेसकट नळीतून बाहेर, सोडलं की छर्रा बसतो. कळलं. पण छर्र्याखाली कचरा अडकला तर? पेडल सोडलं की हवा थेट आत. आणि तुम्ही सीटवर असताना नळी निसटली तर कोण बघणार? हा ब्रेक आहे, वायपर नव्हे.

सॉकेट: नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा ना. मग छर्रा अडकला तरी ऑइलच परत ओढलं जाईल, हवा नाही. उलट माणसाचा भरवसा कसला? माझा पुतण्या "धर" म्हटलं की सोडायचा. परत पहिल्यापासून! आणि निपलातून ऑइल ओढणारा व्हॅक्यूम पंप लावून बघा, साध्या निपलच्या आट्यांतून हवा येते, बुडबुडे थांबतच नाहीत. व्हॉल्व्हवाल्या निपलांच्या आट्यांवर सीलंट असतं.

जुनाट: निपल कुठलंही लावा हो, पण पेडल तळापर्यंत दाबू नका! मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याची, रबरं रोज थोड्याच अंतरात पुढंमागं होतात. त्यापुढं गंज आणि गाळ साचलेला असतो. रबर तिथं घासलं की संपलं. शेजाऱ्यांच्या गाडीत हवा छान निघाली, पण नंतर सिग्नलला पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जायचं. गळती कुठंच नाही. शेवटी मास्टर सिलिंडर बदलला. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा.

सॉकेट: ठोकळ्यानं काय होणार? गंज चढला तो वेळेवर ऑइल बदललं नाही म्हणून. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हद्द १५५ वर येते. दर दोन वर्षांनी बदला, सिलिंडर चकचकीत राहील.

जुनाट: पहिल्या मालकानं काय केलं ते मी कुठून बदलू? नवी गाडी घेणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये. आणि अर्धी वापरलेली बाटली वर्षभर कपाटात ठेवून तीच ओतणारे पण तुम्हीच.

सॉकेट: मी उघडी बाटली कधीच ठेवत नाही. दुसऱ्याच्या कपाटात डोकावू नका. जुन्या गाडीला ठोकळा ठेवा, बरं. नव्या गाडीला सक्ती कशाला?

स्पॅनरवाली: दोघंही एबीएस विसरलात, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. त्याच्या मॉड्यूलमध्ये हवा अडकली तर कित्येक गाड्यांत स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावेच लागतात. तिथं ना छर्रा कामाचा, ना पुतण्या. आणि एवढ्या भांडणात वरच्या ऑइलच्या टाकीकडं कुणाचं लक्ष? ती रिकामी झाली की सगळी मेहनत पाण्यात.

दहाचा पाना: टाकी बघायलाही माणूसच लागतो, ताई! नळी बुडवायचं मान्य, तेवढंच. पण छर्रा अडकला तर तेच घाणेरडं ऑइल परत कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ ब्रेक आवळणाऱ्या भागात, जाणार. आणि काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल जोरात दाबून धरायचं, तेव्हाच बाहेरून चारही निपलांवर टॉर्च मारायची. सीटवर बसून ते कसं करता, हे सॉकेटरावांनी सांगावं.