मदत हवी आहे: किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी बॅटरी पाटात पडली, काचेला आतून दव धरतंय

आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीच येते. मोटर चालू करायला जाताना जुडग्यातली बोटभर बॅटरीच कामी येते. चिखलाच्या हाताने मोबाईल कोण काढणार? परवा दारं धरताना ती पाटात पडली. गाळातून हाताला लागली तेव्हाही पेटलेलीच होती!

बॅटरी अ‍ॅल्युमिनियमची आहे, डोकं पिळून चालू-बंद होते. आत रिमोटचा बारीक सेल, एकच. सेल काढून, डोकं परत बसवून दिवसभर उन्हात ठेवली. तरी काचेला आतून दव येतंच, शिवाय पिळताना उजेड लपलपतो. घरचे म्हणतात, तांदळाच्या डब्यात टाक. पण आट्यांत कोंडा बसेल म्हणून मन होत नाही. काच निघत नाही, चिकटवलेली दिसते. पकडीने फिरवून बघू का? आणि रबरी रिंगला खोबरेल चालेल का?

प्रतिसाद
पकड नको, काच तडकेल. डोकं बसवून वाळवलंत तिथेच पाणी अडकलं. जी रिंग पाणी आत येऊ देत नाही, ती आतली वाफ बाहेर तरी कशी सोडेल? डोकं वेगळं करा. गाळाचं पाणी होतं, तेव्हा आधी स्वच्छ पाण्याने विसळा, झटका, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवा. तांदूळ जेवायलाच बरा. हेअर ड्रायरही नको, काचेचा चिकट सुटायचा.

लपलपण्याचं कारण बहुतेक आटे. अशा बॅटरीत सेलच्या ऋण टोकाचा प्रवाह नळीतून आणि आट्यांतूनच डोक्याकडे जातो, मध्ये गाळ आला की उजेड तुटतो. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, त्यात कापड भिजवून आटे पुसा. स्प्रिंग आणि आतलं टोक खोडरबरने हलकेच घासा.

प्रतिसाद
खोबरेल नकोच. थंडीत थिजतं आणि एरवी धूळ धरतं. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. मात्र रिंग स्वतःच सिलिकॉनची असेल तर तेही लावू नका, ती फुगते. साधी काळी रिंग बहुधा नायट्राइलची असते, तिला चालतं. चिरली असेल तर नमुना घेऊन पंप-फिटिंगच्या दुकानात जा, तशीच मिळेल.

मूळ प्रश्नकर्ता
आभार! काढलेल्या सेलच्या टोकाला पांढरी पूड दिसतेय. सेल पुसून वापरला तर?

प्रतिसाद
नका वापरू. अल्कलाइन सेल गळला आहे, ती पूड अल्कधर्मी असते. हाताला, डोळ्याला लागू देऊ नका. नळीत उतरली असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग पाण्याने, आणि पुन्हा पूर्ण वाळवा. पुढे चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइडचा सेल घ्या. तो १.२ व्होल्टचा असतो, बहुतेक बॅटऱ्यांना चालतो आणि गळण्याचा त्रास खूपच कमी.