करवतीच्या ठेक्यावर नव्हे, रात्री

अमेरिकेतल्या मेन, मिशिगन या राज्यांकडचे लाकूडतोडे त्यांची कथागीतं काम करताना करवतीच्या ठेक्यावर म्हणत, असं कुणीतरी लिहिलंय, ते बरोबर नाही. ही गाणी रात्रीची, त्यातही शनिवारची. झोपायच्या खोपटात शेगडीभोवती बसून म्हटलेली. गाणारा एकटा, वाद्य नाही. चाल शब्दांमागे लांबते-आखडते, म्हणून गिटारवर पक्क्या ठेक्यात बसवली की कडवी गुदमरतात. शेवटचे दोन-तीन शब्द तर बरेच जण गात नसत, साध्या आवाजात बोलत. गाणं संपल्याची ती खूण, आणि फार सुंदर खूण! ‘द जॅम ऑन गेरीज रॉक’ या अशाच एका कथागीतात मुकादम मन्रो रविवारी नदीत वाहताना अडकलेल्या ओंडक्यांची कोंडी फोडायला जातो. अशा कोंडीत एखादाच ओंडका बाकीच्यांना धरून असतो. तो निघाला की सगळा ढीग एकदम सुटतो, पळायला वेळ मिळत नाही.