काळे केस घरच्या घरी उजळ करायचे आहेत: मध, लिंबू, कॅमोमाइल यांतलं खरंच काय चालतं?

अबोली_
केस खांद्याखालपर्यंत, जाड, जवळजवळ काळे. उन्हात धरले तर गडद तपकिरी दिसतात. ब्लीच कधीच केलेलं नाही. शेवटच्या चार-पाच इंचांत जुनी मेंदी आहे, तयार पाकिटातली. त्यात आणखी काय होतं माहीत नाही. सलूनचं ब्लीच नको आहे. स्वयंपाकघरातल्या किंवा वनस्पतींच्या वस्तूंनी एक-दोन छटा उजळ होतात का? मध, लिंबू, दालचिनी, बेकिंग सोडा, व्हिनेगर, सगळं वाचून झालंय. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं आणि कारण कुणीच देत नाही. प्रमाण, वेळ आणि काय बिघडतं हे नेमकं सांगाल का?

रसायनरसिक
आधी अपेक्षा ठरवा, मग वाटी-चमचा काढा. केसाचा रंग म्हणजे आतल्या थरातलं मेलॅनिन. काळा-तपकिरी रंग देणारं युमेलॅनिन, लालसर-पिवळा देणारं फिओमेलॅनिन. केस उजळ करायचा तर हे रंगद्रव्य ऑक्सिडेशनने, म्हणजे ऑक्सिजनच्या रासायनिक क्रियेने, तोडावं लागतं. दुसरा रस्ता नाही.

त्यामुळे तुमच्या यादीचे सरळ तीन भाग पडतात. मध थोडंसं ऑक्सिडेशन स्वतः करतो. लिंबू उन्हाच्या मदतीने करतं, किंबहुना उजळवतं ऊन, लिंबू त्याला हात देतं. कॅमोमाइल, हळद, मेंदी या गोष्टी रंग काढत नाहीत, वरून चढवतात. आणि व्हिनेगर, मीठ, बेकिंग सोडा यांतलं काहीच करत नाहीत.

काळ्या केसांचा काळेपणा उतरला की खालून आधी लाल-तपकिरी रंग दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा. सोनेरी त्याच्याही पुढे. घरच्या उपायांनी तुम्ही पहिल्या पायरीवर पोचाल: उन्हात लालसर तपकिरी झाक, घरात जवळपास पूर्वीसारखेच. ज्यांचे केस मुळात पिंगट आहेत त्यांना याच कृतीने दोन छटांचा फरक दिसू शकतो. नेटवरचे बहुतेक 'आधी-नंतर' फोटो अशाच केसांचे असतात, आणि नंतरचा फोटो खिडकीपाशी काढलेला असतो.

शिकेकाई
मधाची कृती देते. सगळ्यांत कमी नुकसान याच्यात आहे, आणि सगळ्यांत कमी फरकही.

खांद्यापर्यंतच्या केसांना ४ मोठे चमचे कच्चा, न तापवलेला मध आणि ८ मोठे चमचे डिस्टिल्ड वॉटर. मोठा चमचा म्हणजे १५ मिली. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत, लाकडी चमच्याने ढवळा. झाकून तासभर बाजूला ठेवा. हा तासभर सोडू नका. मधात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. घट्ट मधात ते झोपलेलं असतं, पाणी मिळालं की ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिडेशन करून रंग उडवणारं रसायन, तयार करायला लागतं. ते साठायला वेळ लागतो.

केस शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपा, नुसते दमट ठेवा. कंडिशनर आधी लावू नका. मिश्रण बटेबटेला लावा, मोठ्या दातांच्या प्लास्टिकच्या कंगव्याने पसरवा, शॉवर कॅप घाला. एक ते दोन तास. कोमट पाण्याने धुवा, मग कंडिशनर. आठवड्यातून दोनदा चालतं. सात-आठ वेळा केल्याशिवाय निकाल ठरवू नका.

बिघडतं कुठे:
– मध गरम केला किंवा उकळत्या पाण्यात घातला. साधारण ६० अंशांच्या पुढे एन्झाइम निकामी होतं. बाजारातला पुष्कळसा मध बाटलीत भरण्याआधीच तापवलेला असतो, तो केसांना नुसता चिकट लेप.
– लोखंडी किंवा तांब्याचं भांडं घेतलं. या धातूंनी पेरॉक्साइड तिथल्या तिथे मोडतं. नळाच्या पाण्यातही हे धातू थोडे असू शकतात, म्हणून तेही नको.
– लावून केस वाळू दिले. मिश्रण वाळलं की काम थांबतं आणि केस एकमेकांना चिकटून विंचरताना तुटतात. कॅप त्यासाठीच.

पाणी मधाच्या चौपट घेणारेही आहेत. तेही चालतं, पण मानेवरून ओघळत राहतं.

अबोली_
कॅपवर ड्रायरने थोडी ऊब दिली तर लवकर होईल ना? आणि मधात दालचिनी घालतात त्याचं काय?

शिकेकाई
गरम टॉवेल गुंडाळलात तर हरकत नाही, हाताला सुखद लागेल इतपतच. ड्रायरची हवा नको, टाळूजवळ किती तापलंय ते कळत नाही.

दालचिनीने पेरॉक्साइड वाढतं असं सर्रास लिहिलेलं असतं. त्यासाठी टाळूला त्रास द्यावा इतका फरक पडत नाही. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड त्वचेला झोंबतं, काहींना चक्क ॲलर्जी होते. शिवाय पूड केसांत अडकते आणि दोन धुण्यांनंतरही उशीवर सांडते. घालायचीच असेल तर ४ चमचे मधाला एक छोटा चमचा बारीक पूड, टाळूपासून दोन बोटं दूर. दालचिनीचं तेल मात्र कधीच नाही.

वाटीचमचा
लिंबाचं मी सांगतो, कारण फरक खरा लिंबाने दिसतो आणि वाटही लिंबानेच लागते.

ताज्या लिंबाचा २ मोठे चमचे रस, गाळणीतून गाळून. गर राहिला तर स्प्रेचं तोंड बंद होतं. ४ मोठे चमचे पाणी, १ मोठा चमचा साधा कंडिशनर, स्प्रेच्या बाटलीत घालून हलवा. कोरड्या केसांवर, कानाच्या खालच्या भागातच. टोकांना आधी खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब चोळा, टोकं सगळ्यांत जुनी आणि कमजोर असतात. उन्हात २० ते ३० मिनिटं. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कंडिशनर. आठवड्यातून एकदाच, एकूण चार वेळा. मग महिनाभर थांबा.

जास्त पाणी घातलं की सौम्य होईल हा हिशेब पूर्ण बरोबर नाही. रसाचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा, जितका कमी तितकं तीव्र आम्ल) २ ते ३ च्या मधला. दुप्पट पाणी घातल्यावर आम्लाचं प्रमाण घटतं, पण पीएच जेमतेम वर सरकतो. म्हणून वेळ पाळायची. रस लावून दुपारभर गच्चीवर बसलेल्यांचे केस गवतासारखे होतात. राठपणा नंतर तेलाने झाकता येतो, भरून निघत नाही. केस काही जिवंत पेशी नव्हे.

निरगाठ
वाटीचमचा, मुख्य धोका राहिला की. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात, ती अतिनील किरणांनी सक्रिय होतात. फसवं असं की तेव्हा काहीच जाणवत नाही. लाली आणि फोड एक-दोन दिवसांनी येतात, आणि नंतरचे तपकिरी डाग कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने जात नाहीत. ओघळ जिथून गेला तिथे अगदी रेघ उमटते: कपाळ, कानामागे, मान.

तेव्हा रस घरात लावायचा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, कपाळ आणि मान ओल्या फडक्याने पुसायची, अंगात कॉलरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मगच उन्हात. टाळूवर खाज, जखम, सोरायसिस असेल तर लिंबू अजिबात नको.

वाटीचमचा
मान्य. हे माझ्या कृतीच्या वर लिहायला हवं होतं.

अबोली_
लिंबू आणि बेकिंग सोडा एकत्र करून लावायचा एक व्हिडिओ फार फिरतोय.

रसायनरसिक
फेस येतो म्हणून तो व्हिडिओ चालतो. आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वाटीत उरतं सोडियम सायट्रेटचं पाणी. त्याने काहीच उजळ होत नाही.

नुसता सोडा पीएच ८ च्या थोडा वर असतो. त्याने केस फुगतो, बाहेरचे खवले उघडतात, केस निस्तेज आणि गुंतणारा होतो. निस्तेज केस किंचित फिका दिसतो, त्यालाच लोक उजळला म्हणतात. व्हिनेगरचं उलट: १ भाग व्हिनेगर, १० भाग पाणी, शेवटचं धुणं म्हणून घेतलं तर साबणाचा आणि जड पाण्यातल्या क्षारांचा थर निघतो, केस चमकतात. चमक म्हणजे फिका रंग नव्हे.

निरगाठ
कॅमोमाइल आणि बाकीच्या वनस्पती. ४ मोठे चमचे वाळलेली फुलं, २ कप उकळतं पाणी, झाकून अर्धा तास. झाकण महत्त्वाचं. गाळा, पूर्ण गार होऊ द्या. धुतलेल्या केसांवर खाली घमेलं ठेवून तेच पाणी दहा-बारा वेळा ओता, नंतर साधं पाणी घेऊ नका. फुलांतली एपिजेनिनसारखी पिवळी द्रव्यं केसावर बसतात. पिंगट केसांवर सोनेरी झाक छान येते. काळ्यावर? काळ्या पाटीवर पिवळ्या पेन्सिलीने लिहून बघा. अबोलीताई, तुम्ही यात पैसे घालू नका.

झेंडू, शेवंती, सूर्यफूल याच कुळातली आहेत. त्यांचा त्रास होणाऱ्यांनी कॅमोमाइल टाळावं.

रेवंदचिनीचं मूळ याहून पक्कं पिवळं चढतं: ३ चमचे तुकडे, २ कप पाण्यात १५ मिनिटं मंद आचेवर, गाळून केसांवर अर्धा तास. हातमोजे घाला, फरशीवर डाग पडतात. पांढरे केस मधूनमधून असतील तर ते आधी एका बटेवर बघा, भडक पिवळे होतात. हळदीचंही तेच, आणि तिचा रंग उन्हात उडतो.

सावळी_छटा
धाग्यात घुसतेय. काळ्या डायवरचा रंग फिका करायचा असेल तर हेच उपाय का?

रसायनरसिक
नाही. डायचे रेणू वेगळे, मध-लिंबाने ते हलत नाहीत. तिथे व्हिटॅमिन सी थोडं कामाचं, कारण ते ऑक्सिडेशनच्या उलट दिशेने काम करतं. १० मोठे चमचे शाम्पू आणि १ मोठा चमचा एस्कॉर्बिक ॲसिडची पूड, ओल्या केसांवर अर्धा तास, कॅप घालून. गोळ्या घेणार असाल तर रंग-चव नसलेल्या, खलात अगदी बारीक करून. डाय ताजा असेल तर फरक दिसतो, जुना मुरलेला असेल तर नावापुरता. नैसर्गिक काळ्या रंगावर याचा परिणाम शून्य. त्याच कारणाने मधाच्या मिश्रणात व्हिटॅमिन सी टाकू नका, मधाने कमावलेलं पेरॉक्साइड ते खाऊन टाकेल.

अबोली_
मग औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं पेरॉक्साइड थेट वापरलं तर? मधातही तेच आहे म्हणता ना.

रसायनरसिक
रेणू तोच, मधात प्रमाण शेकडो पटींनी कमी. सलूनच्या मापात, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, ३ टक्के म्हणजे १०, ६ म्हणजे २०. घरगुती धाग्यात तो पर्याय बसत नाही, पण तुमच्या बाबतीत खरी अडचण मेंदीची आहे. शुद्ध मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाला धरून बसतं, ते फिकं होत नाही, नारिंगीच दिसतं. पाकिटातल्या काही मेंद्यांत मात्र धातूंचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस तापतो, वाफ निघते, तुटतो. सलूनमध्ये हे तपासायला कापलेली बट ६ टक्के पेरॉक्साइड आणि थोडे थेंब अमोनिया यात अर्धा तास ठेवतात. द्राव तापला, फसफसला किंवा बटेचा रंग झटकन बदलला तर त्या केसांना पेरॉक्साइड वर्ज्य.

मधाच्या प्रमाणात हा धोका नाही. पण मेंदीची टोकं आणि वरचे केस वेगवेगळे दिसतील हे धरून चाला. मुळं लाल-तपकिरी, टोकं नारिंगी. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. ती टोकं कापून टाकायला तयार असाल तर काम सोपं होतं.

शिकेकाई
काहीही लावण्याआधी दोन चाचण्या. कोपराच्या आतल्या बाजूला मिश्रणाचा ठिपका, ४८ तास वाट. आणि कंगव्यात निघालेले वीसेक केस दोऱ्याने बांधून त्यांच्यावर पूर्ण कृती, तितकाच वेळ. त्यांतला एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. तिसऱ्या हिश्शाने लांबून परत आला तर ठीक. लांबून तसाच लोंबत राहिला किंवा ताणताच तुटला तर थांबा.

निकाल वाळलेल्या केसांवर, दिवसाच्या उजेडात, न केलेल्या बटेशेजारी धरून बघा. ओला केस नेहमी गडद दिसतो.

सावळी_छटा
आणि लालसर रंग फारच भडक झाला तर मागे कसं यायचं?

निरगाठ
उजळलेला रंग परत येत नाही, वर गडद थर द्यावा लागतो. २ कप पाण्यात ३ मोठे चमचे चहाची पूड १० मिनिटं उकळून, गार करून, अर्धा तास केसांवर. नारिंगी जरा दबते, चार-पाच धुण्यांत उतरते, पुन्हा करायचं. विकतच्यांत नारिंगीवर निळा शाम्पू, पिवळ्यावर जांभळा. उलटसुलट घेऊ नका.

अबोली_
ठरलं, मधापासून सुरुवात, लिंबू सध्या नको. शेवटचं: एकदम जास्त मिश्रण करून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर पुरेल का?

शिकेकाई
नाही. गारव्यात एन्झाइम मंदावतं, आणि पाणी घातलेला मध मधासारखा टिकत नाही, आंबतो. लागेल तेवढंच करा, उरलं तर ओतून द्या. बाटलीतला मध मात्र उन्हापासून लांब, कपाटात ठेवा, ते एन्झाइम उजेडानेही कमी होतं.