अनुभव धागा: आपण मिळून सावरलेली बाग

आमच्या घरामागची महापालिकेची बाग तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी पाय ठेवावा अशी नव्हती. घसरगुंडीचा पत्रा फाटलेला, कोपऱ्यात बाटल्या आणि रोज सकाळी जाळलेल्या पाल्याचा धूर. आम्ही नऊ जण दर रविवारी दोन तास जाऊ लागलो. पहिलं काम एकच ठरवलं, पाला जाळणं थांबवायचं. माळीमामांना दोष देऊन उपयोग नव्हता. पाला उचलायला गाडीच येत नसे, तर ते तरी काय करणार? जुनी लोखंडी जाळी गोल वळवून चार पिंजरे उभे केले. पाल्याचा थर, वर शेणकाला, थोडी माती, पायाने दाबून पाणी. पाच महिन्यांनी तळातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. मामांनी ते मुठीत दाबून पाहिलं आणि म्हणाले, "अर्धं पोतं गुलाबाच्या वाफ्याला ठेवा." त्या दिवसापासून ते आमच्यातले झाले, किंवा खरं तर आम्ही त्यांच्यातले.

तुमच्याकडे काय झालं? फसलेलंही जरूर लिहा.

*

फसलेलं लिहितो. पर्यावरण दिनाला आमच्या मैदानाच्या कडेने दोनशे रोपं लावली. बॅनर, फोटो, अल्पोपाहार, सगळं झालं. पुढच्या मे महिन्यात मोजली तर एकतीस जिवंत. जमीन मुरमाड, खड्डे वीतभर आणि पाणी कोण घालणार हे ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी चाळीसच लावली: ताम्हण, बहावा, करंज. रोपं कमरेइतकी, खड्डे दोन फुटी, आळ्यात वाळक्या गवताचं आच्छादन. एका घराकडे एक झाड. उन्हाळ्यात गावाला जाताना लोक घराची किल्ली शेजारी देतात ना, तसं आमच्याकडे झाडाचं पाणीही शेजाऱ्याकडे सोपवून जातात. चाळीसपैकी छत्तीस उभी आहेत.

*

धीर सुटत असेल त्यांनी एकदा माहीमच्या निसर्ग उद्यानात जाऊन यावं. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, सुमारे ३७ एकर. तिथे आधी मुंबईचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. मधली अकरा वर्षं लक्षात ठेवा. आपण दोन पावसाळ्यांत निकाल मागतो.

*

एक कळकळीची विनंती, उद्यान विभागाशी जे ठरेल ते लेखी घ्या. आम्ही तोंडी परवानगीवर वर्षभर राबलो, अधिकारी बदलले आणि ठेकेदाराने आमची वेलींची कमान एका सकाळी काढून टाकली. फांद्यांनाही उत्साहाने हात लावू नका. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्यालाही परवानगी लागते. आणि बाग सांभाळायला घेतली तरी फाटक सगळ्यांसाठी उघडं हवं. २०१६ मध्ये मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या धोरणाला नागरिकांनी विरोध केला तो याच भीतीने, की सांभाळणारे हळूहळू मालक होतील. ही भीती अनाठायी नाही.

*

झाडांबद्दल सगळ्यांनी लिहिलं, मी दिव्यांबद्दल लिहिते. आमच्या बागेत बायका येत नाहीत, अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करायची. आम्ही सहा जणी एका संध्याकाळी वही घेऊन फिरलो. अकरा खांबांपैकी चार दिवे चालू, स्वच्छतागृहाला कुलूप. येणार कशा? प्रत्येक खांबाचा नंबर घालून अर्ज दिला, दर सोमवारी जाऊन विचारलं. सातव्या सोमवारी शिडीची गाडी आली. कुलपाची एक किल्ली आता समोरच्या इस्त्रीवाल्या ताईंकडे असते. त्या रात्री नऊला बंद करतात. गेल्या आठवड्यात मुलींचा खो-खो बघायला त्यांनी दुकान अर्धा तास आधी आवरलं.