जुन्या ट्रकचे मॅनिफोल्डचे स्टड तुटले आहेत आणि शॉकअपही गेले आहेत. आधी काय करावे?

प्रश्न : भिवंडी–तुर्भे वाहतूक

सर्व सभासदांस नमस्कार.

माझा ट्रक १४ वर्षे जुना, सहा चाकी असून त्याला चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल उचलून तो तुर्भे, रबाळे आणि तळोजा येथे पोहोचवतो. मुंब्रा बायपास, शिळफाटा आणि ठाणे–बेलापूर रस्ता हेच त्याचे रोजचे मार्ग आहेत. यंदाच्या पावसाळ्यानंतर दोन तक्रारी एकदमच वाढल्या.

पहिली तक्रार एक्झॉस्टची आहे. सकाळी गाडी सुरू केली की हेडजवळून (सिलिंडरांवरचे झाकण) टक-टक असा आवाज येतो, इंजिन तापल्यावर तो बराच कमी होतो. मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ्यांचा भाग) पाहिले तेव्हा ते हेडला धरून ठेवणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्यांपैकी, म्हणजे स्टडपैकी, शेवटच्या सिलिंडरकडचे दोन तुटलेले आढळले. एकाचा थोडा भाग बाहेर आहे, दुसरा हेडच्या पृष्ठभागाच्या किंचित आत तुटला आहे आणि तिथल्या पॅकिंगभोवती (सांध्यातली गॅस्केट) काजळी साचली आहे. केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि संध्याकाळपर्यंत डोके जड होते, असे चालक सांगतो.

दुसरी तक्रार अशी की पुढच्या एका शॉकअपमधून (शॉक ॲब्सॉर्बर) तेल गळते, मागच्या डाव्या शॉकअपचा रबरी बुश उरलेलाच नाही आणि पुढच्या टायरांवर ठिकठिकाणी खोलगट झीज दिसते.

एका गॅरेजमध्ये हेड उतरवण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी जागेवरच ड्रिल मारून स्टड काढतो असे सांगितले. हेड उतरवणे खरोखर आवश्यक आहे का? गचके बसून स्टड तुटले असण्याची शक्यता आहे का? दोन्ही कामे एकाच वेळी करणे जमणार नसेल, तर आधी कोणते करावे?

उत्तर : वागळे इस्टेट, लेथ व मशीनकाम

आधी एक्झॉस्टचे काम करावे, आणि ते होईपर्यंत चालकाला खिडक्या बंद करून गाडी चालवू देऊ नये. धुराचा वास आपल्याला जाणवतो, परंतु त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दिवसभर केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाचे डोके जड होत असेल, तर ती तक्रार शॉकअपपेक्षा निश्चितच मोठी आहे.

स्टड टोकाचेच का तुटतात, हे समजून घेतले तर पुढचे काम नीट होईल. मॅनिफोल्ड हेडपेक्षा कितीतरी जास्त तापते. बिडाचे मॅनिफोल्ड ४५० मिमी लांब आहे आणि दोहोंच्या तापमानात ४०० अंशांचा फरक आहे असे धरले, तर ते हेडपेक्षा सुमारे २ मिमी जास्त लांबते, म्हणजे प्रत्येक टोकाला जवळपास १ मिमी. हे सरकणे सामावून घेण्यासाठीच मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी ठेवलेली असतात. नट गरजेपेक्षा जास्त आवळले, भोकांत गंज आणि काजळी भरली किंवा मॅनिफोल्ड वाकले, तर सरकायला जागा उरत नाही आणि प्रत्येक वेळी तापताना-थंड होताना टोकाचे स्टड वाकतात. वर्षानुवर्षे असे झाले की ते आट्यांच्या मुळाशी तुटतात.

आता काढण्याविषयी. हेड उतरवण्याची घाई करू नये, कारण बहुतेक स्टड जागेवरच निघतात. उरलेल्या सर्व नटांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारावे आणि सकाळी पुन्हा मारावे. नट हलला नाही तर जोर वाढवू नये, तो गॅसच्या ज्योतीने लालसर होईपर्यंत तापवावा आणि थोडा निवल्यावर फिरवावा. फिरवतानाही एकाच दिशेने ओढू नये. पाव फेरा सोडवावा, पुन्हा आवळावा, पुन्हा सोडवावा. घाईने ओढलेला धडधाकट स्टडही तुटतो आणि दोनाचे काम चारावर जाते.

ज्याचा भाग बाहेर आहे, त्यावर मोठ्या भोकाचा नट ठेवून आतून वेल्डिंग भरावे. जो आत तुटला आहे, त्याच्या टोकावर आधी वेल्डिंगचा थर चढवून त्याला पृष्ठभागाच्या वर आणावे आणि मग वॉशर व नट वेल्ड करावा. वेल्डिंग बिडाला सहज धरत नाही, त्यामुळे कसबी वेल्डर आट्यांना धक्का न लावता हे करू शकतो. पकड देण्यापेक्षाही वेल्डिंगच्या उष्णतेचे काम महत्त्वाचे असते, कारण तापून फुगलेला स्टड निवताना आकसतो आणि गंजाची पकड सुटते. पहिला नट तुटून आला तर दुसरा लावावा. तीन-चार वेळा लावावे लागणे यात वावगे काही नाही. मात्र वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही केबल काढाव्यात, अर्थिंगची पकड हेडवर जवळच लावावी, डिझेलचे पाइप ओल्या गोणपाटाने झाकावेत आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

ड्रिल हा शेवटचा उपाय आहे. ड्रिल मारायचेच असेल, तर स्टडच्या बरोबर मध्यावर पंच मारावा आणि मॅनिफोल्डच्याच भोकात बसणारा बुश लेथवर बनवून त्यातून ड्रिल चालवावे, म्हणजे ते बाजूला सरकत नाही. बारीक भोकात उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून पिळणे मी टाळतो. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही आणि मग हेड खरोखरच उतरवावे लागते. आटे खराब झाले तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येते. स्टडचे भोक पाण्याच्या जॅकेटपर्यंत (हेडमधल्या कूलंटच्या पोकळीपर्यंत) जाते का, हेही आधी विचारून घ्यावे. जात असेल तर कूलंट काढून ठेवावे आणि नवा स्टड सीलंट लावून बसवावा.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याची सपाटी तपासल्याशिवाय नवे पॅकिंग लावू नये. पट्टीखाली ०.१५ मिमीचे पान शिरले, तर मी ते ग्राइंडिंगला घेतो. वाकलेले मॅनिफोल्ड नव्या स्टडने ओढून बसवले, तर तेही पुन्हा तुटणारच.

उत्तर : कळंबोलीचा मिस्त्री

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. शॉकअपविषयी लिहितो.

दादा, शॉकअप वजन उचलत नाही, वजन पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) उचलतात. पाटा दबून उसळला की ती उसळी जिरवणे हे शॉकअपचे काम. ते होत नसेल तर चाक रस्त्यावर टेकत-उचलत धावते, त्यातूनच टायरवर तुम्ही सांगता तशी खोलगट झीज येते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकची पकडही कमी होते. शॉकअप जिवंत आहे का हे पाहण्याची साधी रीत अशी की, खराब रस्त्यावरून गाडी फिरवून आणल्यावर चारही शॉकअपना जपून हात लावावा. काम करणारा गरम लागतो, मेलेला थंडच राहतो.

माझा तुम्हाला एक प्रश्न आहे : मागे जादा पाटा चढवलेला आहे का? आपल्याकडे बहुतेक जुन्या गाड्यांना तो असतो. जादा पाट्यामुळे रिकामी गाडी उंच उभी राहते आणि शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेल्या स्थितीत येतो. मग खड्ड्यात चाक खाली गेले की झटका थेट त्याच्या कानावर (टोकाच्या कडीवर) आणि ब्रॅकेटवर बसतो. बुश आधी जातो, नंतर ब्रॅकेट तडकते. नवा शॉकअप घेताना गाडीच्या मॉडेलबरोबर ही लांबीही मोजून घ्यावी, नाहीतर नवा मालही वर्षभरात जाईल.

बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकत्र बदलावेत. एक बाजू कडक आणि दुसरी सैल राहिली की गाडी वळणावर वेगळी वागते. खालचा बोल्ट गंजून अडकला तर तो ग्राइंडरने कापावा, पण शॉकअपच्या नळीवर गॅसची ज्योत कधीही धरू नये. आत तेल असते, गॅसचा शॉकअप असेल तर दाबही असतो आणि तो फुटतो. जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नये, चेसिसखाली मजबूत घोडे लावावेत. साधा तेलाचा नवा शॉकअप बसवण्यापूर्वी सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा आणि दाबावा, म्हणजे साठवणीत आडवा पडून आत शिरलेली हवा निघून जाते. रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत. हवेत लटकत्या स्थितीत आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

त्याच वेळी पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट, पाट्यांच्या टोकाच्या झुलत्या कडीच्या (शॅकल) पिना आणि पाट्यांचे बुश पाहून घ्यावेत. ते ढिले असतील तर नव्या शॉकअपचा अर्धा उपयोग वाया जातो.

उत्तर : रबाळे, ताफा देखभाल

दोन तक्रारींचा संबंध आपण विचारला आहे, त्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गचक्यांनी थेट स्टड तुटले असे मी म्हणणार नाही, मूळ कारण उष्णतेचेच आहे. परंतु टर्बोपासून सायलेन्सरपर्यंतच्या पाइपला आधार देणारे ब्रॅकेट तुटलेले असेल किंवा इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशन रबर दबून गेलेले असेल, तर त्या लांब पाइपचे सगळे वजन टर्बो आणि मॅनिफोल्डवर लटकते, आणि शॉकअप मेलेल्या गाडीत ते वजन प्रत्येक खड्ड्यात हिसके देते. म्हणून स्टड बदलण्याआधी पाइप हाताने हलवून पाहावा, ब्रॅकेट आणि पाइपमधला जाळीचा लवचीक तुकडा तपासावा.

स्टडच्या धातूबद्दलही सांगतो. गंजत नाही म्हणून साधे स्टेनलेस स्टड लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण ३०४ प्रतीचे स्टेनलेस बिडापेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते, त्यामुळे तापल्यावर पकड सैल होते, आणि आवळताना आटे एकमेकांना चिकटण्याचा धोकाही असतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा हाय टेन्साइल बोल्टही या तापमानाला टिकत नाही. त्या इंजिनासाठीचे उष्णतारोधक स्टडच घ्यावेत आणि सगळे एकदम बदलावेत, कारण उरलेल्यांनीही १४ वर्षे तोच ताण सोसलेला आहे.

प्रश्नकर्ता

आपणा तिघांचेही मनापासून आभार. मागे खरोखरच जादा पाटा आहे. पाइपचे ब्रॅकेट पाहिले, तेही वेल्डिंगच्या जागी तुटलेले आहे. नवे नट किती आवळावेत आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : वागळे इस्टेट, लेथ व मशीनकाम

आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्यावा आणि टॉर्क पान्यानेच (जोर मोजणारा पाना) आवळावे. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि आपण आटे चिकटू नयेत म्हणून तांब्याची पेस्ट लावणार असाल, तर तो कमी करावा लागतो, कारण घर्षण घटल्याने तेवढ्याच जोरात स्टडवर जास्त ताण येतो. स्टड हेडमध्ये बसवताना मात्र पिळून घट्ट करू नये, हाताने टेकेपर्यंत बसवणे पुरेसे असते. नट मधल्यापासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, आणि तेही दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. इंजिन पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पॅकिंगच्या सूचनेत मनाई नसेल तर एकदा पुन्हा तपासावे.

पाइपचे ब्रॅकेट सगळ्यात शेवटी जोडावे. मॅनिफोल्ड आणि टर्बोचे सर्व नट घट्ट झाल्यावर पाइप सहज जिथे येतो, तिथेच ब्रॅकेट जुळवावे. ते जुळत नसेल तर ब्रॅकेटचे भोक लांबट करावे, पण पाइप ओढून बोल्ट घालू नये; तसे केले तर नव्या स्टडवर पहिल्या दिवसापासून वाकडा ताण राहतो.